मिरजेच्या बाई काय म्हणाल्या

दिवाळी होऊन गेली की आमच्या पुसेगावच्या शिवारात कापूस फुटतो. फुटतो म्हणायचं ते आता सवयीनं. निम्म्याहून जास्त रानात सोयाबीन असतं, ते दसऱ्यालाच निघतं आणि रान उघडं पडतं. पण ओढ्याकडच्या तुकड्यात नातवानं अजून कापूस ठेवलाय, आणि वेचणीच्या दिवसांत मी तिथं जाऊन बसते. वेचणं होत नाही, बोटं वाकत नाहीत. बांधावर बसून बायांच्या ओटीतल्या कापसाचा पाला काढते. बोंडाचं वाळलेलं टोक नखाच्या कडेला लागतं, कातडी फाटते. ती आग फार नसते, पण दिवसभर राहते. त्या आगीबरोबर मला दर वर्षी मिरज आठवते.

मी मिरजेला गेले होते म्हटलं की लोक विचारतात, ऑपरेशन कशाचं होतं? आमच्याकडून तिकडं माणूस जातो तो दवाखान्यासाठी. मी गेले होते वीणेला भोपळा बसवायला. निजामाचं राज्य होतं. मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. मी एकोणीस वर्षांची होते.

वीणा माझ्या सासऱ्यांची. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. मारुतीच्या देवळात एकादशीला भजन असायचं, आणि आबा गळ्यात वीणा अडकवून मधे उभे राहायचे. एका भजनात दाटी झाली, कोणाचा तरी गुडघा बसला आणि वीणेचा भोपळा फुटला. आबांनी ठरवलं, भोपळा आपल्या घरचाच लावायचा. शेतकऱ्यानं भोपळा विकत घ्यायचा म्हणजे कोळ्यानं मासे विकत घेण्यासारखं, असं ते म्हणायचे. गोठ्याच्या छपरावर कडू भोपळ्याचा वेल चढवला. एक चांगला गोल भोपळा धरला. बाकीचे खुडून टाकले आणि घरात ताकीद दिली, वेल आपोआप वाळेपर्यंत ह्याला हात लावायचा नाही.

मी लावला. वेल कडब्याच्या गंजीवर पसरला होता आणि मला कडबा काढायचा होता. विळ्यानं देठ कापला, भोपळा माळ्यावर नेऊन ठेवला आणि गप्प बसले. वाटलं, भोपळ्याला काय कळतंय, वेलावर वाळला काय अन् माळ्यावर वाळला काय.

आबांबरोबर आम्ही दोघी गेलो, मी आणि कवसा. कवसा माझी नणंद, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सासर जवळा बाजारचं. तिच्या नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला गाडीत घालून आमच्या दारात उतरवून गेला. उतरवल्यावर ओट्यावर बसून पाणी प्यायला, आबांना राम राम केला, बैल जुंपले आणि गेला. भांडण नाही, तंटा नाही. तेव्हापासून कवसा आमच्याकडं होती. आबांना मिरजेत भाकरी करून घालायला ती हवी होती, आणि टाकलेल्या पोरीबरोबर घरची दुसरी बाई हवी म्हणून मी. म्हणजे मी राखणीला होते. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

हिंगोलीहून पूर्णा, पूर्णेहून मनमाड, तिथून पुणं आणि पुढं मिरज. भोपळा धोतरात गुंडाळून कवसाच्या मांडीवर. एका म्हातारीनं विचारलं, लेकरू किती महिन्यांचं? कवसा म्हणाली, "दोन म्हयन्याचं हाय, आजी. लई गुनाचं. रडत न्हाई, पेत न्हाई." म्हातारीनं हळूच धोतराचा पदर सारून पाहिलं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. आम्ही किती वेळ हसत होतो. निजामाची हद्द संपताना नाक्यावरच्या शिपायानं भोपळा कानाशी धरून हलवला. आत बिया वाजल्या.

"क्या है इसमें?"

आबा म्हणाले, "गाना है, साब. अभी निकला नहीं."

शिपाईसुद्धा हसला. इतकं चांगलं माझ्या लग्नानंतर मला कधी वाटलं नव्हतं, हे खरं आहे. कवसाबरोबर असलं की असंच व्हायचं. तिचा मला राग यावा असं तिनं कधी काही केलं नाही.

मिरजेत वाद्यं करणाऱ्यांची एक गल्ली होती. गल्लीत शिरलं की लाकडाच्या भुशाचा आणि तापलेल्या लाखेचा वास यायचा. प्रत्येक घरात आढ्याला भोपळे टांगलेले. एवढाले भोपळे की आत आमचं वर्षाचं बी मावलं असतं. आणि दिवसभर तारा. एकच तार, पुन्हा पुन्हा, जरा वर, जरा खाली, पुन्हा तीच. आमच्या गावात आवाज व्हायचा तो कशाचा तरी, मोटेचा, जात्याचा, बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा. इथं आवाज करणं हेच काम होतं. आठ-दहा दिवस ऐकलं, पण पहिले दोन दिवस मला वाटत होतं ही माणसं काम कधी सुरू करणार.

कारागीर म्हातारे मुसलमान होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी आमचा भोपळा मांडीवर घेतला, बोटाच्या पेरानं तीन ठिकाणी वाजवला आणि खाली ठेवला.

"पाटील, हा कच्चा तोडलाय. पाठ पातळ राहिलीय. तार ओढली की बसंल."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलंच. माझं तोंड उघडलं, पण आवाज निघायच्या आत कवसा म्हणाली, "माह्या हातून तुटला, आबा. कडबा काढाया गेल्ते."

आबा उठले. भोपळा चाचांच्या उंबऱ्याशी ठेवला. त्यांच्या शेळीनं तो दिवसभर इकडून तिकडं ढकलला. रात्री धर्मशाळेत मी कवसाला म्हणाले, काहून खोटं बोललीस? ती म्हणाली, "तुमाला बोलले असते ते. मला काय बोलणार. मला तं आधीच आनून टाकलेली हाय."

हे सांगायचं कारण एवढंच की पुढचं मी केलं ते तिनं माझ्यासाठी खोटं बोलल्यानंतर, सहा दिवसांनी.

चाचांनी दुसरा भोपळा बसवला. लाख भरली, दांडी तासली. मग तारा चढवायची वेळ आली तेव्हा म्हणाले, ही कोणाच्या गळ्याबरोबर वाजायची, तो गळा द्या. तारेची जाडी गळ्यावर ठरते, आधी नाही. आबांना भुशानं खोकला धरला होता. त्यांनी सूर धरला की मधेच ढास लागायची. दोनदा झालं, तीनदा झालं. आबा म्हणाले, "कवसे, दे बरं तू. माहाच सूर असतो तिचा, चाचा, जरा वर."

कवसानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आ लावला. तशी ती घरी जात्यावर रोज गायची, पहाटे, मी समोर बसून खुंटा ओढायचे. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. चाचांनी तारेखाली सुताचा एक दोरा सरकवला, केसाएवढा सरकवला, आणि तार एकदम मोठी झाली. आवाज वाढला नाही, पण खोलीभर झाला. कवसाचा आवाज आणि तारेचा आवाज कुठं एकमेकांना लागतात ते कळेना. शेजारच्या घरातली ठोकाठोक थांबली. चाचांनी तारेवरचं बोट काढलं तरी कवसा थांबली नाही. थांबली तेव्हा घाबरून माझ्याकडं पाहिलं, जसं काही सांडलंय.

चाचा म्हणाले, "पोरगी कोणाकडं शिकते?"

आबा म्हणाले, "जात्याकडं."

चाचांनीच मग गल्लीच्या टोकाचं घर दाखवलं. तिथं एक बाई होत्या, म्हाताऱ्या, काळ्या, नाकात मोरणी, स्वतःचा आवाज बसलेला. पूर्वी मोठ्या गाणाऱ्या होत्या, आता घरात ठेवून पोरी शिकवायच्या. आम्ही गेलो तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, गा. माझं चालू दे. कोपऱ्यात एक तबलजी बसला होता, पन्नाशीचा, पुढचे दोन दात नसलेला. कवसानं आबांचं भजनातलं एक पद घेतलं. थोड्या वेळानं बाईंचा हात लसणावर थांबला. पद फिरून फिरून पहिल्या शब्दावर येऊन टेकलं, तिथंच तबल्याची थापही पडली, आणि तबलजी तिच्याकडं बघून हसला. कवसाही हसली. गाण्यात असं हसतात. दोघं आपापल्या वाटेनं येऊन बराबर एका जागी भेटले की हसू येतं. हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. समोर बघणाऱ्याला कळतंच. मलाही त्याच वेळी कळलं होतं. तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणून मला सुटता येणार नाही.

गाणं झाल्यावर बाईंनी कवसाला आत पाणी भरायला पाठवलं. म्हणाल्या, पोरींना तोंडावर काही सांगितलं की बिघडतात. आणि मग त्या आबांशी बोलत राहिल्या, बराच वेळ. बाईंनी तिला शिकवायला होकार दिला. चार वर्षं राहावं लागेल म्हणाल्या. पाणी भरायचं, भाकरी थापायची आणि शिकायचं. खाणंपिणं त्यांच्याकडं. हे एवढं मी ऐकलं, कारण हे कामाचं होतं. बाकीचं कानावर पडलं असेल. मी तिथं नव्हतेच. मी घरी पोचले होते. पहिली वेचणी तोंडावर आली होती. मला तिसरा महिना होता आणि कोणाला सांगितलं नव्हतं. जात्याच्या पलीकडं कोण बसणार? सासू नव्हती. बाळंतपणात मला पाणी कोण तापवून देणार? मी मनात एकेका कामावरून हात फिरवत होते आणि प्रत्येक कामावर कवसाचे हात होते.

आणि अजून एक. तिनं गावं, माणसांनी काम थांबवून ऐकावं, आणि मी शेजारी बसावं, हे मला सोसेना. हे आधी लिहायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धर्मशाळेच्या ओट्यावर आबांनी मला बोलावलं. कवसा विहिरीवर गेली होती. सासरा सुनेला असं समोर बसवून विचारत नसतो. त्यांनी विचारलं.

"सूनबाई, मी हाय तोवर हाय. माह्या मागं ही तुह्या चुलीपुढं ऱ्हानार. म्हनून तुला इचारतो. ठिवावं का तिला हितं?"

मी म्हणाले, "मला बोलाया नगं वाटतं, आबा. पर त्यो तबल्यावाला तिच्याकडं बघून हसला, आन् ही बी हसली. मी डोळ्यानं बघितलं. जवळ्याला कळलं तं ते म्हनतील, आमी काहून टाकली ते आता बघा."

आबा उठले, ओट्याच्या टोकाशी जाऊन थुंकून आले, पुन्हा बसले. मला वाटलं विचारतील, कसं हसली. विचारलं नाही. मी राखणीला आणलेली होते. राखणदारानं ओरड केली की मालक खरं मानतो.

त्यांनी कवसाला माझं नाव सांगितलं नाही, तबलजीचंही नाही. पोरीवर असला आळ तोंडानं उच्चारायची त्यांची छाती झाली नाही. ते म्हणाले, "बाईचा निरोप आला, कवसे. न्हाई म्हनल्या. गळ्यात दम न्हाई म्हनल्या."

कवसा भाकरी थापत होती. तिनं ती पूर्ण थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. म्हणाली, "बरं." मी तिच्या शेजारी चुलीत काटक्या सारत होते. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. अजून दोन दिवस आम्ही मिरजेत होतो. त्या बाईंच्या घरापासून शंभर पावलांवर होतो.

माझं खोटं मला फार दिवस मोठं वाटायचं. आता वाटत नाही. खोटं एका दमात बोलून झालं. त्या "बरं" नंतर मी जे गप्प बसले, ते दहा वर्षं चाललं. पहिल्यात निदान मला काही मिळवायचं होतं. दुसरं नुसतं सोपं होतं.

वीणा घरी आली. एकादशीला आबांनी गळ्यात घातली, तार छेडली, आणि माणसांचे गळे फाटले. ती कवसाच्या गळ्यावर बांधली होती. एवढं वर कोणी जाईना. टाळकरी म्हणाले, "आबा, मिरजेला जाऊन वीणेला लुगडं नेसवून आणलं का काय?" तारा उतरवल्या तर ढिल्या होऊन नुसत्या फडफडायला लागल्या. आबांनी दोनचार एकादशा तशाच काढल्या. मग त्यांनी नुसते टाळ धरले. लढाई संपायच्या आत ते गेले.

जात्यावर कवसा गाईनाशी झाली. पहाटे आम्ही समोरासमोर बसायचो, मधे खुंटा, दोघींचे हात त्यावर, आणि दगडाचा आवाज. मला पाहिजे होते ते हात मिळाले. माझी तिन्ही बाळंतपणं तिनं केली. कापूस माझ्या दुप्पट वेचायची. कोणी म्हणालं, कवसाबाई, एखादी ओवी म्हणा, तर सांगायची, "मला मिरजेच्या बाईनं नापास केलंय." बाया हसायच्या. मीसुद्धा हसायचे. न हसून चालण्यासारखं नव्हतं.

अठ्ठेचाळीस साली रझाकारांचा धुमाकूळ वाढला तेव्हा आमच्या भागातली पुष्कळ घरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. आम्ही रिसोडकडं नवऱ्याच्या मामाच्या गावी राहिलो. भादवा होता. एका दुपारी पोरं ओरडत आली, माणसं नदी उतरून इकडं यायलीत. सगळ्या बाया लेकरं घेऊन ज्वारीत शिरल्या. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, वरून भुरभुर पाऊस, खाली चिखल. मी आणि कवसा शेजारी पालथ्या पडलो, मधे माझी तीन पोरं, धाकट्याच्या तोंडावर कवसाचा हात. लांबून धबधब आवाज येत होता. मला वाटलं, झालं.

मग मी सांगितलं. सगळं, कुजबुजत, चिखलात तोंड ठेवून. बाई नाही म्हणाल्या नव्हत्या, हो म्हणाल्या होत्या. मी आबांना काय सांगितलं, कसं सांगितलं, काहून सांगितलं. चांगुलपणानं नाही सांगितलं. मरायच्या भीतीनं सांगितलं.

आवाज जवळ आला आणि ज्वारीच्या कडेनं पुढं गेला. ती गुरं होती. कोणीतरी आपला कळप हद्दीपलीकडं हाकून आणत होता. म्हणजे बैलांना भिऊन मी कबूल झाले होते, आणि आता जगायचं होतं, तिच्याबरोबर, एका घरात.

कवसा उठून बसली. धाकट्याच्या तोंडावरचा चिखल पदरानं पुसला. मला वाटलं, थोबाडीत मारील, नाहीतर विचारील, काहून केलं. तिनं ते विचारलं नाही, तेव्हा नाही आणि पुढंही नाही.

म्हणाली, "बाई काय म्हनल्या व्हत्या?"

"व्हय म्हनल्या."

"ते कळलं. आबासंगं लई येळ बोलत व्हत्या ना. मी आतून बघत व्हते, ऐकू येत नव्हतं. माह्या गळ्याला काय म्हनल्या? शब्दाला शब्द सांगा."

मी डोकं खाजवलं. काहीच नव्हतं. बाईंची मोरणी दिसत होती, मांडीवरची लसणाची सालं दिसत होती, ओठ हलताना दिसत होते. चार वर्षं, पाणी, भाकरी. "चांगलं म्हनल्या," मी म्हणाले.

"चांगलं म्हंजी काय?"

बाई तेव्हाच म्हाताऱ्या होत्या, आता कुठल्या असायला. आबांनी ऐकलं होतं, ते गेले होते. तिसरी मी. माझं खोटं मला काना-मात्रेसकट पाठ होतं. बाईंचं खरं मी ऐकलंच नव्हतं.

परत आलो. निजाम गेला. पुढं कवसानं मला कधी घालूनपाडून बोललं नाही. मुकाट्यानं राहिली असंही नाही, भांडायची, हसायची, माझ्या पोरांना ओरडायची. फक्त दर वर्षी वेचणीला, शेजारच्या ओळीत असताना, एकदा विचारायची, "आठवलं का?" मी म्हणायचे, न्हाई. ती पुढं सरकायची. वर्षातून एकदाच. मी दिवाळीपासून त्या एका दिवसाच्या धास्तीनं झुरायचे, आणि तो झाला की पुढच्या वर्षापर्यंत सुटायचे.

असं सहा-सात वर्षं चाललं. मग एका वर्षी तिनं विचारलं आणि मी म्हणाले, "व्हय, आठवलं." रात्रभर जुळवून ठेवलं होतं. "बाई म्हनल्या, असा गळा शंभर पोरींत एक निघतो. म्हनल्या, हा गळा देवानं फुरसतीत घडवला."

कवसाच्या हातात बोंड होतं. तिनं त्यातला कापूस ओढून काढला, ओटीत टाकला, मग माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. भाजी शिळी आहे का हे बघतो तसं.

"वयनी, हे तुमचं हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या आता."

त्यानंतर तिनं कधीच विचारलं नाही. वीस-बावीस वर्षं अजून जगली, दर वर्षी शेजारच्या ओळीत वेचत होती. आणि तिनं विचारायचं सोडलं तेव्हा मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.